दारात बसलेला कोरडोबा

आलात का सगळे? पाय पांघरुणात घ्या. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मध्ये उठायचं नाही. हं.

तर एकदा काय झालं, एक होती गोजरा. राजा पण आहे या गोष्टीत, येईल तो मागून. आधी गोजरा.

बोरमाळ नावाचं एक गाव होतं. माळावरचं, बोरीबाभळींचं. गावाच्या अगदी टोकाला गोजराचं घर. घरात ती, तिचा नवरा शिरपती आणि त्यांची लेक चिमी. चिमी एवढीशी, आपल्या या धाकट्याएवढी. शिरपती स्वभावाला फार मऊ. कुणी मोठ्यानं बोललं की लगेच मान हलवून हो म्हणायचा. आणि गोजरा? तिच्याशी कुणी मोठ्यानं बोललं की ती दोन्ही हात कमरेवर ठेवायची.

गोजराला एक वेड होतं. ती साठवायची. सुगी संपली, गाव जत्रेला गेलं, की ही आपली अंगणात. सुपं, चाळण्या, जुनी लुगडी अंथरलेली. त्यावर गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, अंबाडीचा पाला, सांडगे, कुरडया, बाजरीच्या खारोड्या. बोरं वाळवून, कुटून त्याचं बोरकूट. चिंचेचे मीठ घालून गोळे. आढ्याला शिंक्यात टांगलेले लाल भोपळे. आणि अंगणाच्या पोटात जोंधळ्याचं पेव.

पेव कुठं पाहिलंय तुम्ही! जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंडाशी अरुंद, पोटात रुंद, आपल्या रांजणासारखा. आत जाळ करून भिंती भाजून घ्यायच्या. कडब्याचं अस्तर लावायचं. मग जोंधळा ओतायचा, वर फरशी, फरशीवर मातीचा लेप. आणि पेव उघडलं की लगेच आत उडी मारायची नसते, बरं का. आतली हवा घात करते. आधी नुसतं उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडून बघायचा. दिवा जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

बियाणं मात्र वेगळं. ते राखेत घोळून मडक्यात, वर कडुलिंबाचा पाला, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. त्या मडक्याला चिमीनं नुसतं बोट लावलं तरी गोजरा डोळे वटारायची.

गाव हसायचं तिला. शेजारी ठकू राहायची, ती म्हणायची, "गोजराक्का, तुझं आजचं पोट उपाशी आणि उद्याचं तुडुंब!"

गोजरा म्हणायची, "हस बाई. हसायला काही लागत नाही." आणि पुन्हा शेंगा निवडायला बसायची.

का करायची ती असं? ती चिमीएवढी असताना एका वर्षी तिच्या आईची चूल थंड पडली होती. थंड चुलीला एक वास असतो, कुबट राखेचा. तो वास तिच्या नाकात जन्माचा बसला होता. बाकी काही नाही.

मग एक दिवस काय झालं, गावात एक धनगर आला. त्याची मेंढरं म्हणजे नुसती हाडं आणि लोकर. तो पारावर टेकला, पोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, "बाबांनो, डोंगरापल्याडून कोरडोबा यायला निघालाय."

"कोण कोरडोबा?"

"ताडाएवढा उंच आहे. बरगड्या अशा, वाळलेल्या बांबूसारख्या. पाऊल टाकतो तिथं जमिनीला भेगा पडतात. दारोदार जातो आणि विचारतो, 'घरात काय आहे?' घरातलं माणूस 'काही नाही' म्हणालं, की वाकून आत शिरतो आणि कोपऱ्यात बसतो. एकदा बसला की उठत नाही. एकाच वेळी शंभर घरांत बसतो मेला. ते 'नाही' ऐकलं की फुगतो. आमच्याकडं आता घरोघर तोच आहे. आम्ही बाहेर."

एवढं बोलून धनगर उठला आणि मेंढरं हाकत निघून गेला.

ही बातमी राजाच्या गढीत पोचली. राजा घाबरला. तेवढ्यात डोंगरावरून गरम वारा सुटला आणि त्या वाऱ्यातून कोरडोबाचाच आवाज आला. "राजा रे राजा! तुझ्या मुलखातलं सगळं धान्य माळावर ओत. मी खाईन आणि माघारी जाईन!"

राजाला हायसं वाटलं. एवढंच ना? मग दवंडी पिटली. ज्याच्या घरात जे धान्य असेल ते माळावर आणून ओता हो, कोरडोबा जेवेल आणि निघून जाईल हो!

लोकांनी ओतलं. बिचारे काय करणार? सगळ्यांनाच भीती वाटत होती. कणग्या रिकाम्या झाल्या, उतरंडी रिकाम्या झाल्या. काहींनी तर बियाणंसुद्धा ओतलं. माळावर धान्याचा डोंगर उभा राहिला.

मग राजाचा कारभारी गाड्या घेऊन गोजराच्या दारात आला. "बाई, धान्य काढ."

गोजरानं हात कमरेवर ठेवले. "नाही काढत."

"राजाची आज्ञा आहे!"

"असू दे. मला एक सांगा कारभारी, ज्याला जेवायला घातलं तो पाहुणा परत येतो की येत नाही?"

 कारभारी रिकाम्या गाड्या घेऊन माघारी गेला.

दुसऱ्यांदा आलं ते सगळं गाव. पुढं ठकू, कडेवर तान्हं पोर घेऊन. ठकूचे डोळे रडून लाल झाले होते. ती ओरडली, "आम्ही सगळ्यांनी दिलं! तुझ्या एकटीच्या हट्टापायी तो रागावला, माझ्या लेकराचं काही बरंवाईट झालं, तर तुझ्या दारात येऊन तळतळाट देईन मी!"

हे गोजराला फार लागलं. राजाचं तिला काही वाटलं नव्हतं, पण ठकू तिची मैत्रीण होती. तिच्या बाळंतपणात गोजरानंच शेक-शेगडी केली होती.  पण ती पेवाच्या फरशीवरून उठली नाही. शिरपती हळूच म्हणाला, "अगं, देऊन टाकू. सगळ्यांनी दिलंय." गोजरा म्हणाली, "सगळ्यांनी दिलंय म्हणूनच द्यायचं नाही. कुणाकडं तरी राहायला हवं."

तिसऱ्यांदा स्वतः राजा आला. घोड्यावर बसून, मागं शिपाई. हं, हा आला बघा राजा. मी म्हटलं होतं ना येईल म्हणून.

राजा म्हणाला, "सगळ्या मुलखात तू एकटीच शहाणी काय गं?"

"शहाणी नाही महाराज. मला माझी चूल विझलेली बघायची नाही, एवढंच."

शिपाई पुढं सरले. गोजरानं शेजारचं मुसळ उचललं. चिमीनं लाटणं उचललं. आता आख्ख्या गावासमोर एका बाईशी आणि एवढ्याशा पोरीशी झटापट करायची राजाला लाज वाटली. तो रागानं लालेलाल झाला. त्यानं चुन्याची पोती आणवली आणि गोजराच्या घराच्या अलीकडून एक लांबच लांब पांढरी रेघ मारायला लावली.

"ही माझ्या राज्याची हद्द! तू आता हद्दीबाहेर. आमच्या विहिरीचं पाणी तुला नाही, आमच्या वाटेनं चालायचं नाही, आणि उद्या कोरडोबानं धरलं तर आमच्याकडं यायचं नाही!"

"बरं," गोजरा म्हणाली. आणि राजा वळायच्या आत ती चूल फुंकायला गेली.

पण आत जाऊन ती चुलीपुढं रडली, बरं का. धूर डोळ्यांत गेला असं तिनं चिमीला सांगितलं.

मग कोरडोबा आला. माळावर बसला आणि तो धान्याचा डोंगर एका बैठकीत फस्त केला. दाणा ठेवला नाही. मोठ्ठा ढेकर दिला, आणि काय सांगू, ढेकर दिल्याबरोबर होता त्याच्या दुप्पट झाला! मग डुलत डुलत डोंगराआड गेला. राजानं नगारे वाजवले. लोक नाचले. नाचत नाचत गोजराच्या घराकडं बघून हसले.

त्या वर्षी पाऊस आला नाही.

आणि कोरडोबा परत आला.

आता माळावर ओतायला काय होतं? तो दारोदार निघाला. "घरात काय आहे?" लोक कपाळाला हात लावून म्हणायचे, "काही नाही रे बाबा." की वाकून आत, आणि कोपऱ्यात. तो ज्या घरात बसला तिथली चूल पेटेना. गाय आटली. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, नुसती आढ्याकडं बघत बसायची.

राजाच्या गढीतही तो गेला. आता गंमत ऐका. राजानं सगळ्यांचं धान्य ओतायला लावलं, पण स्वतःच्या तळघरात थोडं लपवून ठेवलं होतं. कोरडोबानं विचारलं, "घरात काय आहे?" कारभारी घाईघाईनं म्हणाला, "काही नाही, काही नाही!" झालं! कोरडोबा आत शिरला आणि तळघरातच जाऊन बसला. खोटं 'नाही' त्याला खऱ्याहून गोड लागायचं.

इकडं गोजराचं काय चाललं होतं? गावच्या विहिरीचं पाणी तिला बंद होतं ना, म्हणून तिनं ओढ्याच्या वाळूत झिरा खणला होता. वाटी वाटीनं पाणी भरायचं. भांडी राखेनं घासायची, आंघोळीचं पाणी भोपळ्याच्या वेलाला घालायचं. शेताच्या कोपऱ्यात एक जुनी बुजलेली विहीर होती. तिच्या काठावरचं उंबराचं झाड अजून हिरवं होतं. गोजरा म्हणाली, "हे झाड पाणी पितंय कुठून तरी." मग रोज ऊन उतरलं की ती आणि शिरपती त्या विहिरीतली माती उपसायचे.

तर एके दिवशी अंगणात काळोख झाला. गोजरानं वर बघितलं. कोरडोबा! गुडघे तिच्या छपराच्या वर.

"घरात काय आहे?"

 गोजरा म्हणाली, "काय आहे? ऐक. जोंधळा आहे. हुलगे आहेत. सांडगे आहेत, कुरडया आहेत, खारोड्या आहेत. गवार आहे, अंबाडी आहे, बोरकूट आहे. चुलीत विस्तव आहे. गोठ्यात गाय आहे, गाईला कडबा आहे. तुला बसायला कोपरा शिल्लक नाही. घर भरलंय!"

एकेका 'आहे'सरशी कोरडोबा तसूतसू आखडत गेला. सगळं ऐकून झालं तेव्हा त्याचे गुडघे छपराच्या खाली आले होते. तो चिडला. "संपेल," म्हणाला. "मी बसतो इथंच." आणि तिच्या बांधावर बसून राहिला.

मग दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रेघेपाशी ठकू येऊन उभी राहिली. पलीकडंच. रेघ ओलांडेना, हाक मारेना. कडेवरचं पोर रडतसुद्धा नव्हतं, नुसतं तोंड उघडं ठेवून पडलं होतं.

गोजरानं पाहिलं. तिला ठकूचा त्या दिवसाचा शब्द न् शब्द आठवला. ती जागची हलली नाही. जात्यावर बसली होती, दळत राहिली. खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. बघ आता, असं वाटलं. शिरपती नुसता तिच्याकडं बघत राहिला.

मग तिच्या नाकाला तो वास आला. ठकूच्या घराकडून वारा वाहत होता ना. थंड चुलीचा, कुबट राखेचा.

गोजरा ताडकन उठली. "ठकू! ये इकडं! रेघेला काय घाबरतेस, चुना आहे तो!"

तिनं पोराला आधी पातळ अंबील पाजली, थेंब थेंब. मग ठकूला दिली. ठकू रडायला लागली तशी गोजरा म्हणाली, "रडायचं नंतर. आधी माझं ऐक. माझ्या दारात रोज जेवायला यायचं नाही."

ठकूचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, वेडे! तू इथं जेवलीस आणि तुझी चूल थंड राहिली, तर तो तुझ्या कोपऱ्यातून उठायचा कधी? हे मूठभर हुलगे घे. ही खापरीत विस्तवाची गोवरी घे, राखेत झाकून ने, रोज संध्याकाळी राखेखाली पुरून ठेव, म्हणजे सकाळी जिवंत सापडेल. तुझ्या दारात शेवगा आहे, त्याचा पाला काढ. चिंचेखाली चिंचोके पडलेत, ते भाज, भिजव, साल काढून कुट आणि पिठात घाल. पाणी जास्त, पीठ कमी. पण शिजव तुझ्या चुलीवर! आणि त्यानं विचारलं की छातीवर हात ठेवून सांग, आहे म्हणून."

ठकूनं तसंच केलं. घरी गेली, गोवरी फुंकली, चूल पेटवली. कोपऱ्यातून आवाज आला, "घरात काय आहे?" ठकू म्हणाली, "विस्तव आहे! हुलगे रटरटतायत! पाला आहे!"  कोरडोबा कण्हला आणि कोपऱ्यातून उठून बाहेर पडला.

मग ठकूनं शेजारणीला विस्तव दिला. शेजारणीनं तिच्या जावेला. बायका गोजराकडं यायच्या, मूठभर हुलगे, ओंजळभर जोंधळा न्यायच्या, कुठली पानं खायची, कुठली नाही, कुठला कंद किती पाण्यांतून उकळून काढायचा ते विचारून जायच्या. घरोघर धूर निघायला लागला.

पण पेव खाली चाललं होतं. शिरपती दोरीनं आत उतरायचा आणि दर वेळी जास्त खोल उतरायला लागायचं. एकदा वर येऊन तो म्हणाला, "गोजरे, आपलं काय?"

"मला पण भीती वाटतेय," गोजरा म्हणाली. "पण गावातल्या सगळ्या घरांत तो बसला आणि आपण एकटेच राहिलो, तर जगून बोलायचं कुणाशी?"

कोरडोबा बांधावर बसल्या बसल्या हे ऐकत होता. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "घरात काय आहे?"

गोजरानं सांगितलं, पण या खेपेला यादी छोटी होती. खारोड्या आहेत. चिंच आहे. भोपळा आहे, अर्धा. आणि बियाण्याचं मडकं आहे, त्याला तुझी नजरसुद्धा लागू द्यायची नाही मला. कोरडोबा थोडासाच आखडला. आणि हसला.

ते हसणं ऐकून गोजराचं डोकं फिरलं. तिनं पदर खोचला, कुदळ घेतली आणि गावाला हाक घातली. "चला रे! विहीर उपसायची! जे काही पोटात असेल तेवढ्यावर चला!"

ऊन असं होतं की दगड तापून फुटावा. लोक म्हणाले, "गोजराक्का, या उन्हात कसं खणणार?"

गोजरानं बांधाकडं पाहिलं. कोरडोबा अजूनही चांगला माडाएवढा होता, आणि त्याची सावली थेट उंबरापर्यंत पडली होती. लांब, रुंद, गार.

"ही काय सावली!" गोजरा म्हणाली. "फुकट बसलाय मेला, तेवढा तरी उपयोग होऊ दे!"

आणि काय सांगू पोरांनो, सगळं गाव दुष्काळाच्याच सावलीत विहीर खणायला लागलं! कोरडोबा संतापला. तो इकडं सरकला की लोक इकडं सरकून खणायचे, तिकडं सरकला की तिकडं. उठून जावं तर गोजराचं दार सुटतं. बसून राहावं तर सावली पडते. चरफडत बसला.

एक दिवस तिथं राजा आला. पायी. घोडा कुठं गेला कुणास ठाऊक. तो रेघेपाशी हात जोडून उभा राहिला.  आता गोजरा काय बोलते, असं सगळ्यांना वाटलं.

गोजरानं विहिरीतूनच वर बघितलं. "महाराज, नुसतं हात जोडून उभं राहिलं की इथं भागत नाही. ती पाटी घ्या. ओळीत उभे राहा, ठकूच्या मागं."

राजानं पाटी घेतली. पहिल्यांदा सगळी माती स्वतःच्याच डोक्यावर सांडून घेतली. दुसऱ्यांदा निम्मी. तिसऱ्यांदा जमलं त्याला.

आणि मग एका दुपारी शिरपतीची पहार दगडात रुतली, आणि काढली तर टोकाला चिखल! सगळे खाली वाकले. भोकातून पाणी बुडबुडत वर आलं. फार नाही, मनगटाएवढी धार. पण गोड.

आता पाणी आलं. आणि घरात फक्त बियाण्याचं मडकं राहिलं. राळ्याचं बी. राळा लवकर येतो, थोड्या पाण्यावर येतो. शिरपती मडक्यापाशी बसला. चिमी त्याच्या मांडीवर निपचित पडली होती. तो म्हणाला, "गोजरे, एक वाटी शिजवू. चिमीपुरती. एकच वाटी."

गोजरानं मडक्याचा लेप फोडला. हात आत घातला. मूठ भरली. राखेत घोळलेलं ते बी बोटांतून निसटत होतं. तिनं चिमीकडं पाहिलं. शिजवलं तर आजची संध्याकाळ भागते. पेरलं तर सगळ्या गावाचं भागतं, पण तोवर काय?  मग मूठ परत मडक्यात सोडली, मडकं काखेत मारलं आणि शेतात गेली.

कोरडोबाच्या डोळ्यांदेखत पेरलं तिनं. त्याच्या नाकासमोर. सगळं गाव आलं पाणी घालायला. तांब्या, लोटा, करवंटी, मिळेल त्यातून. चिमीला ठकूनं तेवढा दिवस आपल्या घरी नेलं. ठकूच्या घरी शेवग्याच्या पाल्याची पेज होती, ती स्वतःच्या पोराच्या वाटीतली अर्धी तिनं चिमीला पाजली. उंबर पिकलं, ते खाल्लं. पाल्यावर, उंबरावर, चिंचोक्यांच्या पिठावर दिवस काढले सगळ्यांनी. राळा उगवला. हिरवा झाला. हातभर झाला. पण दाणा भरायचा होता अजून.

तेव्हा कोरडोबा बांधावरून उठून तिसऱ्यांदा विचारायला दारात आला. दाराला कान लावला.

"गोजरे, घरात काय आहे?"

गोजरानं कणगीकडं पाहिलं. रिकामी. शिंक्याकडं पाहिलं. नुसतंच झुलत होतं. मडकं पालथं. चुलीत सकाळचा पाला शिजून गेला होता. तिच्या ओठांवर तो शब्द आला. कोरडोबानं जिभल्या चाटल्या. दार त्याच्या भारानं करकरलं.

गोजरानं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मी आहे!"

कोरडोबा चमकला. "तू? तू काय खायची वस्तू आहेस?"

"खायची असेन नाहीतर नसेन. घरात मी आहे. तुला आत घेणार नाही!"

आणि तिच्या मागून एक आवाज आला. एवढा मोठा की छपरावरची कौलं हलली. शिरपती! जन्मात कधी ओरडला नव्हता तो. "आणि मी पण आहे!"

"मी पण!" चिमी म्हणाली.

पलीकडून ठकू ओरडली, "मी आहे!" मग ठकूची शेजारीण, मग तिची जाऊ, मग गल्लीच्या गल्ली. "मी आहे! मी आहे!" विहिरीवरून राजा पण ओरडला. आवाज किनरा होता त्याचा, पण ओरडला.

कोरडोबानं कानांवर हात ठेवले. तो आखडला, आखडला, आखडत आखडत शेतातल्या बुजगावण्याएवढा झाला. तरी बसून राहिला बांधावर, हट्टानं. मग राळ्याला दाणा भरला. पिवळी कणसं वाकली. चिमण्या आल्या आणि त्याच्या खांद्यावर बसायला लागल्या. एक तर त्याच्या डोक्यावर बसून दाणा खायची. हे काही त्याला सोसवेना. एका सकाळी उठला आणि डोंगराकडं चालायला लागला.

गोजरा बांधावर उभी राहिली. हातात विळा होता. तिनं मोठ्यानं विचारलं, "परत येशील ना?"

कोरडोबा थांबला. मागं वळून म्हणाला, "येईन. मी येतोच."

"ये!" गोजरा म्हणाली. "कधीही ये. आम्ही इथंच आहोत!"

आणि ती कापणीला वाकली.

मग राळ्याचा भात शिजला. आधी पोरांनी खाल्ला, मग म्हाताऱ्यांनी, मग सगळ्यांनी. आणि खायच्या आधी गोजरानं सगळ्यांत चांगली कणसं बियाण्याला बाजूला काढली, हे वेगळं सांगायला नकोच. राजानं ती चुन्याची रेघ पुसायला माणसं पाठवली, पण लोकांच्या येण्याजाण्यानं ती केव्हाच पुसून गेली होती. पुढच्या वर्षी पाऊस झाला. राजानं गढीच्या अंगणात पेव खणलं आणि आत दिवा सोडायला तो स्वतः जायचा. कारभाऱ्याला कुरडया घालायला शिकवलं ठकूनं. त्या वाकड्या यायच्या, पण यायच्या.

उन्हाळा आला की बोरमाळच्या सगळ्या छपरांवर पांढरी लुगडी अंथरलेली असायची, त्यावर सांडगे, पापड, गवार. पोरं काठ्या घेऊन कावळे हाकायची आणि हाकता हाकता ओले सांडगे स्वतःच खायची. गोजरा खालून ओरडायची, "दिसतंय मला!" पण मारलं तिनं कधी कुणाला नाही. गोजरा, शिरपती आणि चिमी पोटभर जेवले, सुखानं राहिले. ठकूचं पोर मोठं होऊन असं धिप्पाड झालं की दारातून वाकून आत यायचं.

झालं. आता बडबड बंद. कूस बदला, डोळे मिटा. घरात सगळं आहे, आणि मी इथंच बसलेय. झोपा.